विणकराचा शब्द आणि ताडाचा बुंधा

विनोदी कथेची चर्चा आपल्याकडे बहुधा साधनांच्या यादीने सुरू होते आणि यादीनेच संपते. अतिशयोक्ती, कोटी, विसंगती, विडंबन. शब्दनिष्ठ विनोद, प्रसंगनिष्ठ विनोद, स्वभावनिष्ठ विनोद अशी शीर्षके फळ्यावर लिहिली जातात, प्रत्येकाखाली एकेक उदाहरण पडते आणि कथेचा अभ्यास पुरा झाला असे विद्यार्थी समजतो. हे वर्गीकरण निरुपयोगी आहे असे आमचे म्हणणे नाही. परंतु हसू कशाने आले एवढेच त्यातून कळते. कोण कोणाला हसले, कोणत्या जागेवरून हसले आणि हसून झाल्यावर हास्यविषय झालेल्या माणसाचे काय झाले, हे प्रश्न त्या यादीच्या बाहेर राहतात. विनोदी कथेतील स्वभावरेखन, दृष्टिकोण आणि उपरोध ही तीन अंगे एकमेकांत कशी गुंतलेली असतात ते या प्रश्नांनीच उलगडते, अशी आमची धारणा आहे.

येथे उपहास आणि उपरोध यांत भेद केला पाहिजे. उपहासात हसणारा वर आणि हास्यविषय खाली, ही उतरंड अखेरपर्यंत टिकून असते. उपरोधात ती डळमळते. बोलणाऱ्याच्या शब्दांतून त्याला अभिप्रेत नसलेला अर्थ वाचकाला दिसू लागतो आणि पुष्कळदा हसणाराच हास्यविषय ठरतो. हा भेद प्रत्यक्ष पाहण्यासाठी आम्ही माळव्यातील दोन गोष्टी निवडल्या आहेत. एक धारची, दुसरी देवासची. दोन्ही गावे पवारांच्या राजधान्या. मध्ये इंदूर तेवढे. पण पहिली गोष्ट संस्कृतात आहे आणि भोजाच्या दरबाराची आहे. दुसरी इंग्रजीत आहे आणि देवासच्या मराठी दरबारात नोकरीस राहिलेल्या एका परक्या लेखकाची आहे. एवढ्या दूरच्या दोन गोष्टी शेजारी ठेवण्याचे कारण एकच. दोन्हींत सत्ताधाऱ्याने उच्चारलेल्या एका शब्दाने सारा घोटाळा होतो, आणि दोन्हींत त्या शब्दाला मिळणारे उत्तर वेगळे आहे.

भोज परमार हा इसवी सनाच्या अकराव्या शतकाच्या पूर्वार्धात धारेला राज्य करीत होता. 'सरस्वतीकण्ठाभरण' आणि 'शृङ्गारप्रकाश' हे साहित्यशास्त्रावरील ग्रंथ त्याच्या नावावर आहेत. बल्लाळाचा 'भोजप्रबन्ध' मात्र पुढे सुमारे पाच शतकांनी, सोळाव्या शतकात, रचलेला आहे. त्यात कालिदास, बाण, भवभूती, माघ असे शतकाशतकांच्या अंतराने होऊन गेलेले कवी एकाच सभेत मांडीला मांडी लावून बसतात. इतिहास म्हणून हा ग्रंथ टिकत नाही. पण लहान विनोदी कथांचा संग्रह म्हणून त्याची योग्यता आपण पुरेशी ओळखलेली नाही असे आम्हांस वाटते. त्यातील विणकराची कथा अशी आहे.

मूर्ख असेल तर ब्राह्मणानेही नगराबाहेर जावे आणि विद्वान असेल तर कुंभारानेही नगरात सुखाने राहावे, अशी भोजाची आज्ञा असते. पुढे द्रविड देशातून लक्ष्मीधर नावाचा कवी येतो. राजा त्याला घर देण्यास अमात्याला सांगतो. अमात्य सारी धारा पालथी घालतो, पण ज्याला बाहेर काढून घर रिकामे करावे असा मूर्खच त्याला सापडत नाही. अखेर तो एका विणकराच्या दाराशी येतो आणि सांगतो, की घरातून नीघ, येथे विद्वान राहावयास येणार आहे. विणकर तडक राजवाड्यात जातो. अमात्य मला मूर्ख ठरवून घराबाहेर काढीत आहे, मी मूर्ख की पंडित ते तूच पाहा, असे म्हणून तो एक श्लोक म्हणतो. मी काव्य करतो, पण फार सुंदर करीत नाही. यत्न केला तर सुंदरही करतो, असे म्हणून राजाची रीतसर स्तुती होते आणि शेवटी तीन क्रियापदे येतात: काव्य करतो, विणतो, जातो.

आता या कथेतील माणसे पाहू. अमात्य दुष्ट नाही. तो आज्ञाधारक आहे, आणि त्याच्या विनोदी स्वभावचित्राचे बीज या आज्ञाधारकपणातच आहे. गावात मूर्ख नाही ही खरे तर राज्याची परम सिद्धी. अमात्याला मात्र ती अडचण वाटते, कारण त्याला घर हवे आहे. विद्येच्या गौरवासाठी निघालेली आज्ञा त्याच्या हाती पडताच घरे रिकामी करण्याची युक्ती बनते. मूर्ख मिळत नाही म्हणून तो मूर्खाची व्याख्या बदलतो: हाती माग आहे, म्हणजे मूर्खच असणार. विणकराला तो एकही प्रश्न विचारीत नाही. कचेरीच्या कारभाराशी ज्याचा थोडाबहुत संबंध आला आहे अशा कोणत्याही वाचकाला हा अमात्य ओळखू यावा.

राजाचे चित्र याहून सूक्ष्म आहे. तो गुणग्राही आहे, अक्षराला लक्ष देणारा दाता आहे. तरी विणकराचा पहिला श्लोक ऐकल्यावर तो, शब्द ललित आहेत, गोडवा आहे, पण कविता विचारपूर्वक बोलावी, असा मोघम शेरा देतो. बोलण्याच्या ओघात विणकर त्याला एकेरी संबोधतो, ते त्याला खटकते. अक्षरशः लाखो नाणी उधळणारा भोज एका सर्वनामापाशी अडतो. औदार्य आणि मानापमानाची जाणीव एकाच पुरुषात कशी नांदते हे कथाकाराने कोणतीही टीका न करता दाखविले आहे.

आणि विणकर? याचे उत्तर माझ्यापाशी आहे, पण राजाचा धर्म वेगळा आणि विद्वानाचा वेगळा, म्हणून मी बोलत नाही, असे तो आधी म्हणतो. या न बोलण्यातच सगळे बोलून झालेले आहे. राजाने आग्रह केल्यावर तो सांगतो, की या सभेत कालिदासावाचून मर्मज्ञ कवी त्याला दिसत नाही. पाठांतराच्या बळावर प्रतिष्ठा मिळविणाऱ्यांना तो तळ्यातल्या रेड्याची उपमा देतो: दिवसभर तळ्यात बसून पाणी गढूळ केले, तरी त्याला कमळाचा सुगंध थोडाच कळतो! ज्याला मूर्ख म्हणून हाकलायचे होते तो आता सभेतल्या पंडितांचे मूल्यमापन करीत आहे. एकेरी संबोधनाबद्दलही त्याचे उत्तर तयार आहे. लहान मुलांच्या तोंडी, शृंगारात, कवींच्या स्तुतीत आणि रणांगणावरील योद्ध्यांत एकेरी शब्दच शोभतो. आपण मराठी माणसे आईला आणि विठ्ठलाला एकेरीच हाक मारतो. त्यामुळे या युक्तिवादातली खोच आपल्याला विशेष जाणवावी. तुझ्यापुढे मी प्रजा म्हणून उभा नाही, कवी म्हणून उभा आहे, असे विणकर एका सर्वनामाने सांगून जातो. राजा त्याला अक्षरलक्ष देतो आणि भिऊ नकोस असे म्हणतो.

दृष्टिकोणाच्या अंगाने पाहता ही कथा फार कौशल्याने फिरते. आरंभी आपण राजाच्या नजरेने नगर पाहतो. मग अमात्याबरोबर गल्लोगल्ली हिंडू लागतो, आणि 'अरे, मूर्ख कोठे मिळेल?' या त्याच्या काळजीत नकळत सहभागी होतो. विणकराचे दार उघडेपर्यंत वाचक अमात्याच्या बाजूला असतो. तेथून पुढे कथाकार मागे सरतो आणि केवळ संवाद उरतो. विणकर चांगला की वाईट, राजा न्यायी की अहंकारी, याविषयी निवेदक चकार शब्द काढीत नाही. अमात्याच्या चालीने चाललेल्या वाचकाला स्वतःची चूक स्वतःच उमगते. उपरोधाला लागणारी मोकळी जागा या मौनाने तयार होते. बल्लाळाने येथे विणकराच्या गुणांचे चार शब्द घातले असते, तर कथा बोधकथा झाली असती.

त्या तीन क्रियापदांकडे पुन्हा वळू. संस्कृतात पहिल्या क्रियापदाचे आद्याक्षर गळले की 'विणतो' उरते. त्याचेही आद्याक्षर गळले की 'जातो' उरते. आमचे अध्यापक याला शब्दचमत्कृती म्हणून पुढे जातात. पण चमत्कृती कोणत्या प्रसंगी आली आहे ते पाहावे. बोलणारा माणूस घर गमावण्याच्या बेतात आहे. एक अक्षर गेले आणि कवीपण गेले, दुसरे गेले आणि धंदा गेला. उरले ते निघून जाणे. माणसाकडून एकेक वस्तू काढून घ्यावी तशी शब्दाकडून एकेक अक्षर काढून घेतली जाते. घराबाहेर काढणे म्हणजे काय, हे विणकराने राजाला तीन शब्दांत ऐकविले आहे. काव्य करणे आणि विणणे ही एकाच सुताची दोन कामे आहेत, हेही त्याच शब्दांनी सिद्ध होते. 'विणतो' हा शब्द 'काव्य करतो' या शब्दाच्या पोटातच होता. कोटी आणि करुणा यांची अशी सांगड आम्हांस फार थोड्या ठिकाणी आढळली आहे.

तरीही या कथेच्या उपरोधाला एक मर्यादा आहे आणि ती लपविण्याचे कारण नाही. विणकर वाचला तो कवी होता म्हणून. उद्या अमात्य शेजारच्या दारी गेला आणि तेथला विणकर केवळ विणकरच निघाला, तर? कथा आज्ञेच्या अंमलबजावणीला हसते. आज्ञेला हसत नाही. विद्वानाला घर हवे म्हणून अविद्वानाने घर सोडावे, हे तत्त्व अखेरीसही शाबूत आहे. आम्हांस वाटते की वर्गात ही कथा शिकविताना हा प्रश्न विद्यार्थ्यांपुढे ठेवलाच पाहिजे. तो विचारल्याने कथेचे मोल कमी होत नाही. ज्या नगरात सारेच कवी आहेत अशा नगराचे चित्र रंगविताना कथाकाराने आपल्याला हसविले, आणि त्याच हसण्याच्या पाठीशी ही अस्वस्थता ठेवून दिली.

आता देवासकडे येऊ. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर 1912-13 च्या हिंदुस्थानप्रवासात प्रथम देवासला आला आणि 1921 साली काही महिने थोरल्या पातीचे महाराज तुकोजीराव पवार यांचा खाजगी चिटणीस म्हणून तेथे राहिला. त्या वेळची पत्रे आणि त्यांवरील त्याचे भाष्य 'द हिल ऑफ देवी' या नावाने 1953 साली प्रसिद्ध झाले. नावातील टेकडी ही आपली चामुंडेची टेकडी. देवास संस्थान त्या काळी थोरली पाती आणि धाकटी पाती अशा दोन राज्यांत विभागलेले होते. गाव एक, पण राजे दोन, दरबार दोन, कारभार दोन. 1948 साली दोन्ही पात्या मध्यभारतात विलीन झाल्या. विनोदाला अशी भूमी आयतीच मिळाली असता फॉर्स्टरने काय केले?

त्याच्या पत्रांत एक लहानशी हकीकत आहे. दूरवर काहीतरी काळे, उभे दिसले. तो म्हणाला, साप. बरोबरच्या लोकांनी मान डोलावली. दुर्बीण लावून पाहिले तर तो ताडाचा वाळलेला बुंधा निघाला. पण साहेबाने साप म्हटले होते. लोक साप हा शब्द सोडावयास तयार होईनात. पत्रापुरते पाहिले तर हा उपहासाचा मासला आहे. सांगणारा शहाणा, दुर्बीण त्याच्या हाती, आणि गावकरी भाबडे. त्यांच्या मनात काय होते हे आपल्याला कळत नाही. धारच्या विणकराप्रमाणे त्यांच्यापैकी कोणी पुढे येऊन बोलत नाही. त्यांनी खरोखरच साप पाहिला, की पाहुण्याचा शब्द खोटा पाडणे त्यांना अशिष्ट वाटले, की राजाच्या माणसाशी वाद नको म्हणून ते गप्प राहिले? दरबारी गावात वाढलेल्या माणसाला तिसरी शक्यता सहज सुचेल. पत्रलेखकाला ती दिसत नाही, आणि म्हणून वाचकाला त्याच्याकडेच पाहून थोडे हसू येते. लेखकाने न योजलेला हा उपरोध आहे.

परंतु फॉर्स्टर तेथे थांबला नाही, आणि त्याचे मोठेपण यात आहे. 1924 साली प्रसिद्ध झालेल्या 'अ पॅसेज टु इंडिया' या कादंबरीत त्याने हीच हकीकत पुन्हा घेतली, पण दृष्टिकोणाची जागा बदलली. येथे साप म्हणणारी व्यक्ती लेखक नाही. ती मिस क्वेस्टेड ही नवखी तरुणी आहे. हत्तीवरून लेण्यांकडे जाताना तिला ते काळे काहीतरी दिसते. गावकरी होकार देतात. डॉक्टर अझीझ त्या सापाचे विष किती जालीम याचे वर्णनही करतो. दुर्बिणीतून बुंधा दिसल्यावर ती आपला शब्द मागे घेते, तेव्हा गावकरी तिलाच खोटे पाडतात. अझीझ तर सापाचे सोंग घेण्याचे एक शास्त्रही जागच्या जागी रचतो. प्रथमदर्शनी हसू तेच आहे. पण पुढे याच तरुणीच्या तोंडून लेण्यांतील प्रसंगाविषयी एक आरोप निघतो. तिचे लोक तो उचलून धरतात, आणि न्यायालयात ती आपला शब्द मागे घेते तेव्हा तेच लोक तो सोडावयास तयार नसतात. ताडाच्या बुंध्याला साप म्हणत राहणारे आता गावकरी नाहीत, गोरे अंमलदार आहेत. आधीच्या पानावर ज्याला आपण भाबडेपणा म्हणून हसलो, तोच दोष दुर्बीणवाल्यांत अधिक भयंकर रूपाने उभा राहतो, आणि त्यात एका निरपराध माणसाचे आयुष्य पणाला लागते. पत्रातील उपहास कादंबरीत उपरोध झाला तो असा: निवेदकाने स्वतःची जागा सोडली म्हणून.

देवासच्या गोकुळअष्टमीच्या वर्णनातही हीच क्रिया दिसते. 1921 च्या त्या उत्सवातील गोंगाट, पसारा आणि भपका पाहून पत्रलेखक गोंधळतो, क्वचित वैतागतो. पण भक्तांच्या चेहऱ्यांवर जे उमटले ते त्याला नाकारता येत नाही. कादंबरीत या उत्सवाला तुकारामाच्या नामाचा गजर करणारा गोडबोले नावाचा दख्खनी ब्राह्मण मिळाला, आणि परमेश्वर प्रेमरूप आहे असे सांगणाऱ्या इंग्रजी पाटीत दोन अक्षरांची अदलाबदल झाली. अक्षर चुकले म्हणून अर्थ चुकला का, हा प्रश्न वाचकापुढे राहतो. धारच्या कथेत अक्षर गळून अर्थ वाढतो. देवासच्या पाटीवर अक्षर हलूनही अर्थ ढळत नाही. दोन्ही ठिकाणी केवळ चुकीला हसणारा वाचक मागे पडतो.

आक्षेप असा येईल की या दोन कृतींची तुलना विजातीय आहे. एक राजस्तुतीच्या परंपरेतील कथा, दुसरी आधुनिक कादंबरीतील घटना. आक्षेप रास्त आहे, पण आमचा मुद्दा काळाचा किंवा प्रकाराचा नाही. आमच्या मराठी विनोदाने हाच प्रश्न आपल्या रीतीने सोडविलेला आहे. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांच्या 'सुदाम्याचे पोहे' मध्ये सुदामा हा बंडूनाना आणि पांडूतात्या यांच्या मूर्खपणाचा केवळ साक्षीदार नसतो. तो त्यात भागीदार असतो. चिं. वि. जोशी बडोदे संस्थानात पालीचे अध्यापन करीत होते. संस्थानी जीवन त्यांनी जवळून पाहिले होते. त्यांनी चिमणरावालाच कथा सांगावयास लावले. चिमणराव आपली फजिती आपल्याच तोंडाने, ती फजिती आहे याची पुरती जाणीव नसताना सांगतो. येथे वरची जागाच शिल्लक राहत नाही. दुर्बीण कोणाच्याच हाती नसते. मध्यमवर्गीय मराठी वाचकाने चिमणरावाला आपल्या घरातला मानले, त्याचे कारण निवेदनाच्या या रचनेत आहे.

म्हणून विनोदी कथा शिकविताना साधनांच्या यादीआधी तीन प्रश्न विचारावेत, अशी आमची अध्यापकांस सूचना आहे. ही घटना कोणाच्या डोळ्यांनी पाहिली जात आहे? ज्याला हसले जाते त्याला बोलावयास जागा मिळाली आहे का? आणि कथा संपताना वाचक आरंभी ज्या बाजूला होता त्याच बाजूला आहे का? पहिल्या प्रश्नाने दृष्टिकोण कळतो, दुसऱ्याने स्वभावरेखनाची खोली, तिसऱ्याने उपरोधाची जात. धार आणि देवास येथील वर्गांत तर ही उदाहरणे शोधावयास दूर जाण्याचेही कारण नाही. विद्यार्थ्याला टेकडी माहीत असते, भोजाचे नाव माहीत असते. त्याला एवढेच सांगावे की अमात्य ज्या दाराशी थांबला त्या दाराच्या आत जाऊन ही कथा त्याने पुन्हा एकदा, विणकराच्या मागावर बसून, आपल्या शब्दांत लिहावी. शेजारचा विणकर कवी नव्हता असे धरून लिहिली, तर अधिकच बरे.